पासंग

माझं काम सोपं आहे.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
गहू, बार्ली, मसूर. सव्वीस हंगाम झाले.
विमेराचं रान इतकं सपाट की
ट्रकच्या आधी त्याची धूळ येते
आणि मी चहाचा मग खाली ठेवते.

घरचा काटा दीडशेवर संपायचा.
म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी
सायलोचे दिवे मालवल्यावर
मी एकटीच चढले ट्रकच्या काट्यावर,
बूट काढून.
तो वीस-वीसच्या टप्प्यानं मोजतो,
वीसच्या आतलं त्याला काही कळत नाही.
१६०, म्हणाला, लाल आकड्यांत.
रुळांपलीकडे एक कोल्हा थांबला होता.
त्यानं वाचलं असावं.

आता जठराच्या गळ्यात सिलिकॉनची अंगठी आहे.
हॉर्शमला नर्स थुई बरगडीखाली बोटांनी चाचपते,
कातडीमागचं बटण सापडलं की सुई टोचते,
मिठाचं पाणी, अर्धा मिली.
"पाणी पिऊन दाखव, नोएलिन."
मी पिते. ते उतरतं, विचार करत करत.
पोटातली घट्ट झाली
की बोटातली सैल होते.
लग्नाची अंगठी मी आता खिळ्याला टांगते,
किल्ल्यांशेजारी.

पाव चालत नाही. पाव फुगतो.
कॉलिनच्या आत्याच्या दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये
काकडीचं एक सँडविच, त्याचाही कोपरा,
छातीमागे अडला तो अडलाच.
पाद्री देवाघरचं बोलत होते, मी संडासात
बेसिनला धरून लाळ गाळत उभी.
बाहेर आले तर सगळ्या म्हणाल्या,
बिचारी, किती जीव होता आत्यावर!
मी नाही म्हटलं नाही.

लोकांचं बोलणं जन्मभर पोटात घातलं.
शाळेच्या बसमधलं, पोहण्याच्या तलावावरचं,
सासूचं, खुर्ची सरकवतानाचं.
आता तिथे अंड्याएवढी जागा आहे.
त्यामुळे हल्ली मी उलटून बोलते.
सगळ्यांना वाटतं, बारीक झाल्यावर चढलीय.

१४०.
मग किती आठवडे १४०.
खाली उतरत होते, पण मधल्या किलोंना
काट्याकडे नाव नव्हतं.
मग एका रात्री १२०,
मी टाळी वाजवली, कुत्रा भुंकला.

मार्चमध्ये रेनबोकडचा एक ड्रायव्हर,
दोन हंगामांनी आलेला, खिडकीतून वाकून म्हणाला,
"इथे ती जाडी असायची ना, हसरी?
कुठे गेली?"
"गेली," म्हटलं.
"अरेरे," म्हणाला, आणि टोपी काढली.
पावती दिली. हात कापला थोडा.
तिचीच कातडी घालून बसले होते मी,
दंडाखाली लोंबणारी, मांडीवर घडी पडलेली,
कुणाचा तरी कोट परत द्यायचा राहिल्यासारखी.
ती खरंच हसरी होती का?
का तेव्हा मी फक्त जागा जास्त घेते म्हणून
आगाऊ भाडं भरत होते?

कॉलिन काही बोलत नाही.
रविवारी भाजलेलं मटण बंद झालं, ते त्यानंच बंद केलं.
माझ्या बशीशेजारी त्याचं ताट
त्याला लाजिरवाणं वाटतं.
परवा त्याच्या गाडीत सीटच्या फटीत
पेस्ट्रीचे पापुद्रे सापडले, सॉसचं फाटलेलं पाकीट.
पंचवीस वर्षांच्या संसारात
दुसऱ्या बाईचा केस सापडला असता
तरी इतकं पोटात तुटलं नसतं.

काल रात्री त्याला काट्यावर नेलं.
दोन घडीच्या खुर्च्या, कुत्रा, थर्मास,
आणि बेकरीतून मीच आणलेला गरम सॉसेज रोल.
म्हटलं, माझ्यासमोर खा.
तो बघत राहिला.
मग खाल्ला, हळूहळू, मोजून चावत,
जणू अंगठी त्याच्याही आत आहे.
मला एक पापुद्रा दिला.
मी तो जिभेवर ठेवला, विरेपर्यंत.

काट्यावर २४० होतं.
त्यात मी किती, तो किती, कुत्रा किती,
वजाबाकी मी केली नाही.